स्टार्टरचे तीन दिवे आणि मोबाइलवरचा अर्ज

विहिरीवरची स्टार्टरची पेटी एकदा नीट बघा. वर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे. खाली एक हिरवं बटण, एक लाल. रात्री बाराला थ्री-फेज लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन विहिरीवर जातो आणि आधी दिवे बघतो. तिन्ही लागलेले असले तर हिरवं दाबतो. एखादा विझलेला दिसला तर फेज गेलाय हे त्याला कुणी सांगावं लागत नाही, मोटार जळायच्या आधीच तो मागं फिरतो. बटण दाबलं की ‘खट्’ आवाज येतो, मोटार घरघरते, पाइपाला पाणी येतं. लोड वाढला तर रिले पडतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू करायची सोय त्याच पेटीवर असते.

युजर इंटरफेस डिझाइन, म्हणजे माणूस ज्यातून यंत्र चालवतो ती बटणं, दिवे, स्क्रीन आखायचा विषय. त्यातली निम्मी तत्त्वं या पेटीवर आहेत. यंत्र आत्ता कुठल्या अवस्थेत आहे ते हात लावण्याआधी दिसतं. दाबलेलं लागू झालं की नाही ते लगेच कळतं. मोठं नुकसान होण्याआधी अडवलं जातं, आणि अडलं तर परतीची वाट असते. चालू-बंदचे रंग सगळीकडं सारखे, म्हणून जालन्याचा माणूस लातूरला पाहुण्याच्या रानात गेला तरी ‘हे कसं चालवायचं’ असं विचारत नाही. याकोब नील्सन आणि रॉल्फ मोलिच या दोन संशोधकांनी १९९० मध्ये स्क्रीन तपासायची अशी काही तत्त्वं मांडली. नील्सननी १९९४ मध्ये ती दहांत बसवली. ती दहा पाठ करण्यापेक्षा स्टार्टर लक्षात ठेवलेला बरा.

हाच माणूस मोबाइलवर अर्ज भरताना तिसऱ्या चौकटीत अडकतो आणि पुतण्याला हाक मारतो. ‘मला न्हाई जमत हे’ असं तो म्हणतो, आणि अर्ज बनवणारेही त्याच्याविषयी तेच म्हणतात. दोघांचंही चुकतं. घोळ तिसऱ्या चौकटीत असतो, आणि तो शोधून काढायची ठरलेली रीत आहे. खऱ्या माणसाला वापरायला बसवायचं आणि तो कुठं अडतो ते बघायचं. तिला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात. इथून पुढं आपण नुसतं चाचणी म्हणू.

वापरायला सोपं म्हणजे काय, हे ‘आयएसओ ९२४१-११’ या आंतरराष्ट्रीय मानकानं ठरवून दिलंय. काम पुरं झालं का, त्याला किती वेळ आणि कष्ट लागले, आणि करणाऱ्याला ते पटलं का, या तीन गोष्टी बघायच्या. त्यातली गोम अशी की हे मोजायचं ते ठरावीक माणसासाठी, ठरावीक कामासाठी आणि ठरावीक परिस्थितीत. ‘आमचं ॲप एकदम सोपंय’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. कुणाला सोपं, कशासाठी सोपं आणि कुठं, हे सांगितलं तरच ते तपासता येतं.

२.२० म्हणजे किती रान?

उदाहरण म्हणून एक कल्पनेतला अर्ज घेऊ. परभणीकडची एक शेतकरी उत्पादक कंपनी सोयाबीन खरेदीच्या नोंदणीसाठी ॲप बनवतेय. चौकटी दहा-बाराच: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, किती माल आहे, बँकेचा तपशील. त्यातली ‘क्षेत्र’ ही एकच चौकट जवळून बघू.

शेतकऱ्याकडं अडीच एकर सोयाबीन आहे. बोलताना तो ‘दोन एकर वीस गुंठे’ म्हणतो. चौकटीवर नुसतं ‘क्षेत्र’ लिहिलंय. तो २.२० टाकतो. त्याच्या डोक्यात टिंबाच्या डावीकडं एकर आणि उजवीकडं गुंठे, आणि एकराचे ४० गुंठे. ॲप मात्र टिंबाला दशांशचिन्ह समजतं. त्यानं चौकट एकराची धरली असेल तर २.२० म्हणजे ८८ गुंठे, अर्थात दोन एकर आठ गुंठे. बारा गुंठे जागच्या जागी गायब. चौकट हेक्टरची असेल तर तेच २.२० पाच एकर सतरा गुंठ्यांवर जातं, म्हणजे आहे त्याच्या दुपटीहून जास्त. आणि सातबाऱ्यावर याच जमिनीपुढं १.०१.१७ असं छापलेलं असतं: एक हेक्टर, एक आर, सतरा चौरस मीटर. तिथं तर टिंबं दोन. ती चौकटीत टाकायला गेलं की दुसरं टिंब उमटतच नाही.

लाल अक्षरातली एकही सूचना न येता हा अर्ज पुढं जातो. खरेदीची मर्यादा क्षेत्रावर ठरत असेल तर घोळ उघडा पडतो तो माल गाडीत भरून केंद्रावर आणल्यावर. सगळ्यांत महाग चूक हीच. अडवणारी चूक निदान दिसते तरी, ही मुकाट्यानं पुढं सरकते.

दुरुस्ती अवघड नाही. एका चौकटीच्या जागी दोन करायच्या, ‘एकर’ आणि ‘गुंठे’, आणि खाली लगेच दाखवायचं: ‘सातबाऱ्यावर हे १.०१.१७ असं असेल. जुळतंय का?’ गुंठ्यांच्या चौकटीत कुणी ४५ टाकले तर त्याला हुसकून लावायचं नाही, १ एकर ५ गुंठे करून दाखवायचं. रूपांतर करणं हे यंत्राचं काम. माणसाच्या मनात जे माप आहे त्याच मापात विचारणं, हे या विषयातलं सगळ्यांत जास्त मोडलं जाणारं तत्त्व. मालाचंही तसंच. अर्ज क्विंटल विचारतो, घरात मोजलेले असतात कट्टे, आणि कट्ट्यात किती किलो बसतात हे गावागणिक बदलतं.

बाकीच्या चौकटींचे घोळ याच जातीचे. गट नंबर ४७/१/अ असा असतो, पण चौकटीला आकडी कीपॅड लावलेला असतो, त्यावर तिरकी रेघही नाही आणि ‘अ’ही नाही. नावात ‘नंबर’ आहे म्हणून प्रोग्रामरनं तो आकडा धरला. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा, त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य. पासबुकावर ते इंग्रजी ‘ओ’सारखं दिसतं आणि माणसं ‘ओ’च टाकतात. पाचव्या जागी ‘ओ’ आला की ॲपनं गुपचूप शून्य करावं आणि खाली बँकेचं, शाखेचं नाव दाखवावं, म्हणजे वाचणाऱ्याला खात्री पटते. आधारचे बारा आकडे चार-चारच्या तुकड्यांत दाखवावेत. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून हिशोबानं काढलेला असतो, त्यामुळं एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर सर्व्हरला न विचारता फोनवरच पकडता येतं. मोबाइल नंबरच्या आधी कुणी ९१ लावलं तर ते काढून टाकावं, भांडू नये. देवनागरी आकडे टाकले तरी चालायला हवेत. मराठी कीबोर्डवर ७ दाबणाऱ्याला ‘फक्त अंक टाका’ असं सांगणारा अर्ज बघितला की हसावं की रडावं कळत नाही.

गावांच्या यादीत खुर्द आणि बुद्रुक, पिंपळगाव आणि वडगाव यांची रांग लागते. दोनशे नावं बोटानं सरकवायला लावण्यापेक्षा आधी तालुका विचारावा आणि पहिली दोन अक्षरं टाकताच नावं गाळून द्यावीत. ‘बु.’ टाकलं तरी बुद्रुक सापडावं. आणि शोधात औरंगाबाद टाकलं तर छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद टाकलं तर धाराशिव निघायलाच हवं, कारण घरातले जुने कागद जुन्याच नावाचे आहेत. जन्मतारखेसाठी वर्षांची चकती फिरवायला लावू नये. १९५८ पर्यंत जाता जाता अंगठा दुखतो. सरळ तीन चौकटी द्याव्यात.

‘रद्द करा’ रद्द करायचं आहे का?

अर्ज अर्धा भरून झालाय. शेतकरी चुकून मागं जायचं बटण दाबतो. स्क्रीनवर प्रश्न येतो: ‘आपणास अर्ज रद्द करायचा आहे का?’ खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’.

आता कुठलं दाबायचं? बनवणाऱ्याच्या मनात ‘रद्द करा’ म्हणजे हा प्रश्न रद्द करा, अर्ज राहू दे. वाचणाऱ्याला मात्र ‘रद्द करा’ म्हणजे अर्ज रद्द करा. आणि ‘ठीक आहे’ म्हणजे ‘ठीक आहे, राहू द्या’ की ‘ठीक आहे, करा रद्द’? इंग्रजी बटणांचा शब्दकोशातून केलेला हा मराठी अवतार कितीतरी ॲपांत सापडतो. बटणावर क्रियाच लिहावी: ‘अर्ज काढून टाका’ आणि ‘भरणं चालू ठेवा’. वरचा प्रश्न न वाचताही नुसती बटणं वाचून कळलं पाहिजे, कारण प्रश्न कुणी वाचत नाही.

दुसरा शब्द ‘अवैध’. ‘अवैध क्रमांक. कृपया वैध मूल्य प्रविष्ट करा.’ मराठवाड्यातला माणूस ‘अवैध’ हा शब्द वर्तमानपत्रात वाळू उपशाच्या बातमीत वाचतो. आपल्या हातून काहीतरी बेकायदा झालं असं वाटून तो फोन खाली ठेवतो. त्याऐवजी: ‘मोबाइल नंबर १० आकडी हवा. तुम्ही ९ आकडे टाकलेत.’ चुकीच्या सूचनेत काय चुकलं, कुठं चुकलं आणि आता काय करायचं हे तिन्ही असावं, आणि ती त्या चौकटीच्या खालीच असावी. स्क्रीनच्या माथ्यावर लाल पट्टी आली आणि चूक खाली नवव्या चौकटीत असली, तर माणूस ‘पाठवा’ दाबतच राहतो.

‘सबमिट’, ‘सेव्ह’, ‘ओटीपी’ हे शब्द आता मराठीच झालेत, त्यांना मारून मुटकून ‘सादर’, ‘जतन’, ‘एकवेळचा संकेतशब्द’ करायची गरज नसते. नेमका कुठला शब्द चालतो हे चाचणीत विचारून बघावं. अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतात: कधी इंग्रजी शब्द अडवतो, कधी शासकीय मराठी.

मराठी लिपीच्याही खोड्या आहेत. इंग्रजीत ‘सेव्ह’ला चार अक्षरांची जागा ठेवलेली असते, तिथं ‘माहिती जतन करा’ आलं की बटणातून शेपूट बाहेर पडतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबानं ठेवलं तर वरचे रफार, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. ‘सातबाऱ्यावर’चं ‘सातबार्यावर’ झालेलं तर रोज दिसतं. ‘दुसऱ्या ट्रॅक्टरचं ॲप सर्वांनी कुठूनही उघडावं’ असलं एखादं वाक्य प्रत्येक आकारात टाकून बघा, सगळं उघडं पडतं. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली तर, फाँटमध्ये सोय असेल तेव्हा, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे.

उन्हात, एका बोटानं

संभाजीनगरातल्या एसी ऑफिसात मोठ्या मॉनिटरवर बनलेला अर्ज भरला जातो तो मोंढ्यात, डोक्यावर ऊन, फोनला चिरलेली काच, बोटाला माती अशा अवस्थेत. तिथं फिकट करड्या अक्षरांची नजाकत संपते. वेबच्या सुगम्यतेची, म्हणजे कमी दिसणाऱ्यांसकट सगळ्यांना वापरता यावं यासाठीची, जी मार्गदर्शक तत्त्वं जगभर मानली जातात, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितलंय, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. डिझायनरांचा लाडका ९९९९९९ कोडचा करडा पांढऱ्यावर २.८५ च येतो. ७६७६७६ घेतला तर ४.५४ ला पोचतो. हा हिशोब करणारी फुकट साधनं ढिगानं आहेत. पण शेवटची तपासणी दुपारी एक वाजता गच्चीवर फोन नेऊनच करावी.

चूक नुसत्या लाल रंगानं दाखवू नये. लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक असतात, आणि उन्हात तर तो कुणालाच धड दिसत नाही. रंगाबरोबर शब्द किंवा खूण हवीच. स्टार्टरची बटणंही नुसती रंगानं वेगळी नसतात, जागाही ठरलेली असते, म्हणून तर ती अंधारात चाचपून सापडतात.

बटणाचा आकार हा चवीचा प्रश्न नाही. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये दाखवलं की लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथं हात पोचायला वेळ जास्त. ॲपल ४४ पॉइंट आणि अँड्रॉइड ४८ डीपी (ही दोन्ही स्क्रीनवर मोजायची एककं) इतकं किमान माप सांगतं. अँड्रॉइडचं माप गूगलच्या हिशोबानं साधारण ९ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीइतकं. कष्ट करून राठ झालेल्या बोटाला याहून थोडं जास्तच द्यावं. ‘पाठवा’ आणि ‘काढून टाका’ शेजारी-शेजारी ठेवू नयेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन अक्षर दुप्पट करून प्रत्येक स्क्रीन बघावी. बऱ्याचदा ‘पुढे’ हे बटण स्क्रीनबाहेर गेलेलं सापडतं.

वेळेचे तीन उंबरठे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते आपणच केल्यासारखं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढं लक्ष उडतं, मग काय चाललंय ते सांगावंच लागतं. आता शिवारातल्या एका दांडीच्या नेटवर्कवर ‘पाठवा’ दाबलं आणि काहीच हाललं नाही, तर माणूस काय करेल? पुन्हा दाबेल. नोंद दोनदा होईल. म्हणून दाबताक्षणी बटण बंद व्हावं, त्यावर ‘पाठवतोय…’ यावं, आणि प्रत्येक अर्जाला फोनवरच एक खुणेचा क्रमांक द्यावा, म्हणजे तोच अर्ज दोनदा आला तरी सर्व्हर एकच धरेल. भरलेलं सगळं फोनमध्ये साठत राहावं, रेंज गेली तरी पुसलं जाऊ नये. पोचल्यावर ‘तुमचा अर्ज पोचला’ आणि नोंद क्रमांक मोठ्या अक्षरात, शिवाय एसएमएसही. स्टार्टरचा ‘खट्’ तो हाच.

ओटीपीचं दुखणं वेगळं. खात्याला जोडलेला नंबर पुण्याला नोकरीला असलेल्या पोराचा असतो आणि अर्ज भरणारा बाप गावात. पोरगा मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत मुदत संपते. मुदत किती आहे ते स्क्रीनवर दिसलं पाहिजे, आणि ती संपली तर भरलेला अर्ज जागेवर राहिला पाहिजे.

पाच माणसं का पुरतात, आणि कधी पुरत नाहीत

हे सगळं वाचून डिझाइन केलं तरी चुका राहतातच, कारण बनवणाऱ्याला स्वतःची चौकट दिसत नाही. जाणकारांकडून तत्त्वांच्या यादीवर तपासून घेता येतं, पण नील्सन यांच्या सहा प्रकल्पांच्या हिशोबात एकट्या तपासनिसाला सरासरी ३५ टक्केच अडचणी सापडल्या होत्या. तीन ते पाच जणांनी वेगवेगळं तपासून याद्या एकत्र केल्या तर बरं. तरीही सातबाऱ्याच्या टिंबाचा घोळ तपासनिसाला सुचेलच असं नाही. तो शेतकऱ्याला बसवल्यावरच दिसतो.

किती शेतकरी? नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये हिशोब मांडला की एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात. दुसऱ्या माणसाला त्यातल्या काही त्याच, काही नव्या. त्या हिशोबानं तीन माणसांत ६७ टक्के, पाचांत ८४ टक्के, दहांत ९७-९८ टक्के. पाचव्यानंतर तेच तेच बघायला मिळतं. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाचांना बसवा, दुरुस्त करा, पुन्हा नव्या पाचांना बसवा. तीन फेऱ्या.

पण हा आकडा देव्हाऱ्यात ठेवू नका. ३१ टक्के ही सरासरी आहे. एखादी अडचण दहातल्या एकालाच येत असेल तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्केच. दुसरं, पाच माणसं एकाच प्रकारची धरलीत. साठीतला शेतकरी, त्याचा कॉलेजात जाणारा नातू आणि बचतगटाचं काम बघणारी बाई या तिघांच्या अडचणी वेगळ्या, तेव्हा प्रत्येक गटातले तीन-चार तरी हवेत. आणि तिसरं: पाचांपैकी चौघांनी काम पुरं केलं म्हणून ‘यश ८० टक्के’ असं अहवालात लिहू नये. इतक्या लहान संख्येवरून खरं प्रमाण ३६ पासून ९८ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतं. पाच माणसं अडचणी शोधायला, टक्केवारीला निदान वीस तरी.

मोंढ्यात बसून

सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमाराला उसळते. त्या गर्दीत कुणाला अर्धा तास नसतो, आणि तेव्हा सापडलेली चूक दुरुस्त करायलाही वेळ उरत नाही. चाचणी ऑगस्टमध्ये, पीक रानात उभं असताना करावी. कोडची एक ओळ लिहिण्याआधीही करता येते: ए-फोर कागदावर फोनच्या आकाराच्या चौकटी आखायच्या, एका कागदावर एक स्क्रीन. समोरच्यानं कागदावर बोट ठेवलं की पुढचा कागद सरकवायचा. वीस रुपयांत होतं, आणि २.२० चा घोळ त्यातही हमखास सापडतो.

माणसं निवडताना कंपनीच्या संचालकांचे जवळचे, ‘हुशार’ शेतकरी पुढं केले जातात. ते नम्रपणे टाळावं. येणाऱ्याचा अर्धा दिवस मोडतो, त्याचा मोबदला आधी ठरवून द्यावा, आणि काम पुरं झालं नाही तरी द्यावा. खरा आधार नंबर, खरं खातं चाचणीत वापरू नये. बनावट तपशिलाचं एक कार्ड छापून हातात द्यावं. खरा आधार क्रमांक ० किंवा १ नं सुरू होत नाही, म्हणून बनावट क्रमांक शून्यानं सुरू केला की तो कुणाचाच नसतो. फक्त चाचणीच्या ॲपला तो स्वीकारायला सांगून ठेवावं. फोन शक्यतो ज्याचा त्याचा.

समोर दोघंच बसावेत: एक बोलणारा, एक लिहिणारा. सुरुवात साधारण अशी:

‘काका, आम्ही हे ॲप तपासतोय, तुम्हाला नाही. तुम्ही कुठं अडलात तर चूक आमची, आणि तेच आम्हाला बघायचंय. करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा. आम्ही मधे मदत करणार नाही, राग मानू नका.’

मोठ्यानं बोलत काम करणं विचित्र वाटतं, तेव्हा आधी सराव द्यावा: ‘घरी स्टार्टर कसा लावता, ते बोलत बोलत सांगा बरं.’ दोन मिनिटांत जीभ सुटते.

काम सांगताना बटणावरचा शब्द वापरू नये. ‘नोंदणी करा यावर जाऊन सोयाबीनची नोंदणी करा’ असं सांगितलं तर ती शब्द जुळवायची परीक्षा झाली. असं सांगा: ‘तुमच्याकडं अडीच एकरातलं तीस क्विंटल सोयाबीन आहे, कंपनीला घालायचंय. या फोनवरून काय कराल ते करा.’ अशी तीन-चार कामं, सगळं मिळून अर्धा-पाऊण तास.

मग गप्प बसायचं, आणि सगळ्यांत अवघड तेच आहे. ॲप बनवणारा शेजारी असेल तर त्याची चुळबुळ सुरू होते, ‘वर बघा ना, वर’ हे तोंडावर येतं. त्याला मागं बसवावं आणि हातात वही द्यावी. माणूस अडला की मनात दहापर्यंत मोजावं. ‘हे दाबू का?’ असं त्यानं विचारलं तर: ‘आम्ही इथं नसतो तर काय केलं असतं?’ फार वेळ मुका झाला तर ‘आत्ता काय बघताय?’ एवढंच. ‘असं का दाबलं?’ नको, तो जाब विचारल्यासारखा ऐकू येतो आणि मग माणूस सावध उत्तरं देऊ लागतो.

आपल्याकडं आणखी दोन अडचणी हमखास येतात. एक, गर्दी. एकाला फोन देऊन बसवलं की पाच मिनिटांत चौघं खांद्यावरून डोकावतात आणि ‘आरं तिथं दाब की’ सुरू होतं. खोली मिळाली तर उत्तम. नाहीतर बाजूला चहाची किटली ठेवून दुसऱ्या सहकाऱ्यानं त्यांना गप्पांत गुंतवावं. दोन, भिडस्तपणा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘चांगलंय की, लई भारी केलंय.’ वीस मिनिटं घाम गाळून, दोनदा पुतण्याला हाक मारून हेच उत्तर. पाहुणचार म्हणून ते गोड मानावं, पुरावा म्हणून वहीत लिहू नये. बोट काय करतं ते लिहावं.

मत मोजायचंच असेल तर जॉन ब्रूक यांची १९८६ ची दहा वाक्यांची प्रश्नावली आहे. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या वाक्यांच्या गुणांतून १ वजा, सम क्रमांकाच्या वाक्यांचे गुण ५ मधून वजा, सगळ्याची बेरीज गुणिले २.५. उत्तर ० ते १०० मध्ये येतं, पण ती टक्केवारी नव्हे. सरासरी ६८ च्या आसपास असते. त्यातली सम वाक्यं नकारार्थी आहेत आणि वाचून दाखवताना माणसं गोंधळतात, तेव्हा सावकाश, एकेक वाचावं.

पहिल्या खऱ्या चाचणीआधी एकावर रंगीत तालीम करावी. तिच्यात ॲपपेक्षा आपल्याच प्रश्नांच्या चुका सापडतात.

वहीतून दुरुस्तीकडं

लिहिणाऱ्यानं निष्कर्ष लिहू नयेत, घडलं ते लिहावं. ‘पुढे बटण कळलं नाही’ हा निष्कर्ष. ‘१८ सेकंद स्क्रीन वरखाली केली, बोट पुढे बटणावर गेलं नाही, इथंच संपलं का असं विचारलं’ ही नोंद. निष्कर्षावर वाद होतो, नोंदीवर होत नाही.

त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, दोन्ही वह्या समोर घेऊन यादी करावी. प्रत्येक अडचणीपुढं दोन खुणा: किती जणांना आली, आणि तिनं काय केलं. काम थांबवलं, उशीर केला, की नुसतं खुपलं? चौथी जात वेगळी काढावी: काम पुरं झालं पण चुकीचं झालं. क्षेत्राची चौकट यातली. ती पाचांतल्या एकालाच नडली असली तरी यादीत सगळ्यांत वर.

दुरुस्ती सुचवणाऱ्यांचा उत्साह आवरावा लागतो. ‘मदतीचा व्हिडिओ टाकू’, ‘सूचना लिहू’ ही पळवाट असते. कुणी न वाचलेल्या सूचनेखाली आणखी एक सूचना येते. आधी चौकट काढून टाकता येते का बघावं. पिनकोडवरून जिल्हा निघत असेल तर जिल्हा कशाला विचारायचा? काढता येत नसेल तर यंत्राला समजूतदार करावं. तेही जमत नसेल तर शब्द बदलावेत. सूचना सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या फेरीला नवी पाच माणसं घ्यावीत. जुन्यांना वाट पाठ झालेली असते. दुरुस्तीनं नवा घोळ केला नाही ना, हेही तिथंच कळतं: एकर-गुंठ्यांच्या दोन चौकटी केल्यावर कुणी एकराच्या चौकटीत २, गुंठ्यांच्या चौकटीत १०० टाकतं, म्हणजे एकूण गुंठे. त्यावर खालची ‘सातबाऱ्यावर हे असं असेल’ ही ओळ १.८२.११ दाखवते, आणि कागद हातात असलेला माणूस तिथं थबकतो. थबकला, तर ओळ काम करतेय. न बघता पुढं गेला, तर ती ओळ मोठी करून ‘पुढे’च्या बटणाला चिकटवून ठेवावी आणि तिसऱ्या फेरीत पुन्हा बघावं.